शिक्षणखाते आणि खातेदार : वैयक्तिक प्रशिक्षणखात्याच्या कल्पनेचा औंढा नागनाथच्या संदर्भात विचार

१

मराठीत 'खाते' या शब्दाचे निदान तीन अर्थ रोजच्या व्यवहारात आढळतात. 'शिक्षण खाते', 'टपाल खाते', 'पाटबंधारे खाते' असे म्हणताना शासनाचा एखादा विभाग अभिप्रेत असतो. 'बँकेतील खाते' किंवा 'वाण्याकडचे खाते' असे म्हणताना एका व्यक्तीच्या नावे ठेवलेला देण्याघेण्याचा हिशेब अभिप्रेत असतो. आणि खेड्यात 'खातेदार' म्हटले म्हणजे ज्याच्या नावे जमीन आहे, ज्याच्या नावाचा आठ-अचा उतारा तलाठ्याकडे निघतो, असा मनुष्य डोळ्यांपुढे येतो. पहिल्या अर्थी खाते सरकारचे असते. दुसऱ्या अर्थी ते व्यक्तीचे असते. तिसऱ्या अर्थीही ते व्यक्तीचेच असते खरे. पण ज्याच्याजवळ आधीपासून काही आहे, अशाच व्यक्तीचे असते.

प्रौढांच्या शिक्षणासंबंधी गेल्या पाव शतकात जगात जी एक कल्पना पुढे आली आहे, ती मराठीत मांडावयाची तर या तीन अर्थांमधील अंतर ध्यानात ठेवूनच मांडावी लागते. 'वैयक्तिक प्रशिक्षणखाते' असे तिचे नाव ठेवता येईल. शासनाने प्रत्येक प्रौढ नागरिकाच्या नावे ठरावीक रक्कम किंवा तेवढ्या किमतीचा हक्क जमा करावा. तो रोख काढता येऊ नये. मान्यता पावलेल्या संस्थेत शिकण्यासाठीच तो खर्ची घालता यावा. आणि काय, कोठे व केव्हा शिकावयाचे याचा निर्णय खातेदाराने स्वतः करावा, असे या कल्पनेचे थोडक्यात स्वरूप आहे. आजवर प्रौढांच्या शिक्षणाचा पैसा शासनाच्या खात्यातून संस्थेकडे जात आला. या कल्पनेत तो आधी शिकणाऱ्याच्या नावे होतो व मग त्याच्या पसंतीने संस्थेकडे जातो. पहिल्या अर्थाच्या 'शिक्षण खात्या'पासून दुसऱ्या अर्थाच्या 'शिक्षणखात्या'कडे होणारे हे संक्रमण आहे.

हे संक्रमण इष्ट आहे की नाही, एवढाच प्रश्न नाही. ते झाल्यावर शब्दाचा तिसरा अर्थ डोके वर काढतो काय, म्हणजे ज्यांच्याजवळ आधीच शिक्षण आहे तेच तेवढे शिक्षणाचे खातेदार ठरतात काय, हा खरा प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात त्याचा विचार हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ हा तालुका समोर ठेवून केला आहे. भारतात अशी खाती अद्याप प्रत्यक्षात नाहीत. परंतु ज्या घटकांनी ती बनतात त्यांपैकी बहुतेक घटक येथे सुटे सुटे अस्तित्वात आहेत. आणि औंढ्याच्या परिसरात अशा शिक्षणाची निकड निर्माण करणारी एक घटना सध्या घडत आहे.

२

प्रथम पूर्वपीठिका पाहू. महाराष्ट्रातील या कार्याची नावे कशी बदलत गेली, हे पाहिले तरी त्यामागील विचार कसा बदलला ते उलगडते. मुंबई शहरात १९३९ मध्ये समिती स्थापन झाली ती 'प्रौढ शिक्षणा'ची. स्वातंत्र्यानंतर हाच शब्द अपुरा वाटू लागला आणि 'समाजशिक्षण' ही संज्ञा रूढ झाली; अक्षरओळखीच्या पलीकडे नागरिकत्व, आरोग्य व उद्योग यांचे ज्ञान तीत समाविष्ट होते. २ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला तेव्हा जुना शब्द परत आला. १९८८ मध्ये राष्ट्रीय साक्षरता मिशन स्थापन झाल्यावर 'साक्षरता' व 'निरंतर शिक्षण' ही जोडी प्रचारात आली. २०१५ नंतर 'कौशल्य विकास' हा शब्द सर्वत्र पसरला. २०२२ ते २०२७ या मुदतीसाठी आखलेल्या नवभारत साक्षरता कार्यक्रमात तर केंद्र शासनाने 'प्रौढ शिक्षण' ही संज्ञा सोडून 'सर्वांसाठी शिक्षण' ही संज्ञा स्वीकारली.

इतकी नावे बदलली, तरी शासकीय वाक्याची घडण मात्र बदलली नाही. 'लाभार्थ्यास प्रशिक्षण देण्यात येईल' हे या सर्व योजनांचे नमुनेदार वाक्य होय. त्यात शिकणारा मनुष्य चतुर्थीत आहे, प्रशिक्षण हे कर्म आहे आणि कर्ता लुप्त आहे. वास्तविक मराठीत 'शिकणे' हे मूळ क्रियापद असून 'शिकवणे' हे त्याचे प्रयोजक रूप आहे. मुळात कर्ता असतो तो शिकणारा; शिकवणारा त्या क्रियेस निमित्त होतो. शासकीय गद्याने हा क्रम उलटा केला. वैयक्तिक खात्याच्या कल्पनेचे सार व्याकरणाच्या भाषेत सांगावयाचे, तर चतुर्थीतील लाभार्थ्यास प्रथमेत आणून बसवण्याचा हा प्रयत्न आहे.

याच्या अगदी उलट टोकाचे उदाहरण महाराष्ट्रातच सापडते. १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली व पुढे ती राज्यभर नेण्यात आली. तीत व्यक्ती हे एकक नव्हतेच. गाव हे एकक होते. प्राथमिक शिक्षक व गावकरी यांच्या स्वयंसेवेवर वर्ग चालत आणि सारे गाव साक्षर झाले म्हणजे ग्रामगौरव समारंभ होई. कोणाच्या नावे एक पैसाही जमा नव्हता. तरी माणसे शिकावयास बसत. कारण शेजारी बसलेला असे, वर्ग चावडीत किंवा देवळात भरे आणि न शिकणाऱ्यामुळे गावाचा समारंभ अडे. मोहिमेची मर्यादाही प्रसिद्ध आहे. समारंभ उरकल्यावर वाचावयास काही नसल्याने कित्येक नवसाक्षर पुन्हा निरक्षरतेकडे वळले. मोहीम शिकण्यास प्रवृत्त करू शकली. पुढे प्रत्येकाने आपल्या गरजेनुसार काय शिकावे याची सोय तिच्यात नव्हती. वैयक्तिक खात्याने नेमकी ही उणीव भरून काढण्याचे आश्वासन दिले. मात्र मोहिमेजवळ जे होते, म्हणजे शेजार, जवळचा वर्ग व ओळखीचा शिक्षक, ते खात्याजवळ नाही.

३

परदेशांतील तीन उदाहरणांवरून हे स्पष्ट होते.

इंग्लंडमध्ये सप्टेंबर २००० मध्ये वैयक्तिक शिक्षणखात्यांची योजना देशभर सुरू झाली. पहिल्या १० लाख खातेदारांस शासनाकडून १५० पौंड मिळावयाचे होते. स्वतःचे २५ पौंड घालणे ही अट होती. त्यापुढे काही अभ्यासक्रमांच्या शुल्कात २० टक्के, तर संगणकाच्या प्राथमिक ज्ञानासारख्या काही अभ्यासक्रमांत ८० टक्के सूट होती. योजना कल्पनेपेक्षा वेगाने पसरली आणि सुमारे २६ लाख खाती उघडली गेली. शिकवणाऱ्या संस्थांस मात्र केवळ नोंदणी पुरेशी होती. त्यांच्या शिकवण्याचा दर्जा आधी तपासण्याची तरतूद ठेवलेली नव्हती. परिणामी दारोदार फिरून लोकांची खाती उघडणारे आणि त्यांच्या नावे न शिकवलेल्या पाठांचे पैसे उचलणारे दलाल निर्माण झाले. २३ नोव्हेंबर २००१ रोजी योजना तडकाफडकी बंद करावी लागली. तेथील राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने २००२ मध्ये दिलेल्या अहवालात एकूण खर्च २९ कोटी पौंडांच्या आसपास आणि त्यातील लबाडी व गैरवापराची संभाव्य रक्कम ९ कोटी ७० लाख पौंड असल्याचे नमूद आहे. स्कॉटलंडने हीच कल्पना अधिक कडक बंधने घालून २००४ मध्ये पुन्हा सुरू केली.

सिंगापूरने २५ वर्षे वा अधिक वयाच्या प्रत्येक नागरिकाच्या नावे जानेवारी २०१६ पासून ५०० सिंगापुरी डॉलरचा शिक्षणहक्क जमा केला. २०१७ मध्ये तेथेही एका टोळीने खोटे दावे करून सुमारे ४ कोटी डॉलर उचलल्याचे उघडकीस आले. त्या शासनाने योजना मोडली नाही; तपासणी कडक केली. पुढे २०२४ मध्ये ४० वर्षांवरील नागरिकांस आणखी ४,००० डॉलरचा हक्क दिला, पण तो निवडक अभ्यासक्रमांपुरता ठेवला.

फ्रान्सचे 'वैयक्तिक प्रशिक्षणखाते' या सर्वांत व्यापक आहे. १ जानेवारी २०१५ पासून ते अमलात आले. आरंभी त्यात शिक्षणाचे तास जमा होत. २०१९ पासून युरो जमा होऊ लागले. नोकरी करणाऱ्यास दरवर्षी ५०० युरो व एकूण मर्यादा ५,००० युरो. ज्याचे शिक्षण कमी त्यास दरवर्षी ८०० व मर्यादा ८,००० युरो, असा भेद तेथे मुद्दाम ठेवला आहे. म्हणजे ज्याच्याजवळ कमी त्याच्या खात्यात अधिक, हे तत्त्व तेथे कायद्यातच आले. नोव्हेंबर २०१९ पासून मधल्या कोणाच्याही संमतीवाचून दूरध्वनीसंचावरून अभ्यासक्रम निवडण्याची सोय झाली. त्यापाठोपाठ खातेदारांस दूरध्वनी करून फसवणारेही आले. डिसेंबर २०२२ मध्ये अशा प्रकारे गिऱ्हाईक गाठण्यास बंदी करणारा कायदा करावा लागला. मे २०२४ पासून खातेदाराने स्वतःचे १०० युरो घालावेत अशीही अट आली. नोकरी शोधणाऱ्यांस तीतून सूट आहे. येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. ज्या २०१४ च्या कायद्याने हे खाते रूपास आले, त्याच कायद्याने प्रौढांस व्यवसायविषयक विनामूल्य सल्ला मिळण्याचा हक्कही दृढ केला. खाते व सल्लागार यांची जोडी तेथे कायद्याने घातली गेली.

तिन्ही ठिकाणी रोग एकच दिसतो. शिकणाऱ्याच्या हाती निवड दिली; पण निवड करण्यास जे ज्ञान लागते ते त्याच्याजवळ नव्हते. ती पोकळी दलालाने भरली.

४

भारतात या कल्पनेच्या सर्वांत जवळ जाणारी योजना ऑगस्ट २०१३ मध्ये निघाली. शासनमान्य कसोटीस उतरलेल्या तरुणास सरासरी १०,००० रुपये बक्षीस द्यावे, म्हणजे त्यातून त्याचा शिकण्याचा खर्च भागेल, असे तिचे स्वरूप होते. १५ जुलै २०१५ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेच्या पहिल्या टप्प्यातही उत्तीर्ण उमेदवाराच्या बँक खात्यात बक्षीस जमा होत असे. २०१६ मध्ये दुसरा टप्पा आला तेव्हा ही रीत बदलली आणि प्रशिक्षणाचा खर्च थेट संस्थेस देण्यात येऊ लागला. खातेदार पुन्हा लाभार्थी झाला.

या बदलाचे जे फलित कागदोपत्री दिसले ते उद्बोधक आहे. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांचा या योजनेवरील अहवाल डिसेंबर २०२५ मध्ये संसदेपुढे आला. त्यात तपासलेल्या ९५,९०,८०१ उमेदवारांच्या नोंदींपैकी ९०,६६,२६४, म्हणजे ९४.५३ टक्के नोंदींत बँक खात्याचा रकाना कोरा होता किंवा त्यात शून्य वा तत्सम निरर्थक मजकूर होता. पैसा ज्याच्या नावे जाणार त्याचे खाते ठाऊक असावे लागते. पैसा संस्थेकडे जाणार असेल, तर शिकणाऱ्याच्या खात्याचा रकाना कोरा राहिला तरी दीर्घकाळ कोणाचे अडत नाही. कोऱ्या रकान्याचे कारण एवढेच नसेलही. परंतु शिकणारा व्यवहाराच्या केंद्रस्थानी नसला म्हणजे त्याच्याविषयीची माहितीही कशी दुय्यम ठरते, हे या आकड्यावरून समजते.

असे असूनही खात्यास लागणारी सामग्री देशात जमलेली आहे. २८ ऑगस्ट २०१४ पासूनच्या जनधन योजनेने बँक खाते गरिबांच्या घरी पोहोचवले. २ ऑगस्ट २०२१ रोजी 'ई-रुपी' ही सोय निघाली. तीत विशिष्ट व्यक्तीस विशिष्ट कामापुरतेच वापरता येईल असे मूल्य दूरध्वनीसंचावर पाठवता येते. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने श्रेयांकांची पेढी स्थापन करण्याचे नियम केले. तीत विद्यार्थ्याने मिळवलेले श्रेयांक त्याच्या नावे जमा राहतात. शिवाय कौशल्य विकास योजनेत 'पूर्वज्ञानास मान्यता' हा विभाग आहे. कामातून आधीच शिकलेल्या माणसास परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देणे हे त्याचे काम. एकीकडे पैशाचे खाते, दुसरीकडे विद्येचे खाते आणि तिसरीकडे पूर्वज्ञानाची कसोटी अशी ही तीन अंगे आहेत. ती एका माणसाच्या नावे एकत्र आलेली नाहीत, एवढेच काय ते उरले आहे. पण 'एवढेच' हा शब्द फसवा आहे. तो किती फसवा आहे, हे एका प्रत्यक्ष तालुक्यात उतरल्यावाचून कळत नाही.

५

औंढा नागनाथ हे बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक मानले गेलेले क्षेत्र. यादवकालीन शिल्पाने मढलेले तेथील मंदिर प्रसिद्ध आहे. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. कचेरीची व वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्याची लोकसंख्या ११,७७,३४५ व साक्षरता सुमारे ७८ टक्के होती. पुरुष व स्त्रिया यांच्या साक्षरतेतील अंतर मोठे होते. सोयाबीन व हळद ही येथील महत्त्वाची पिके. मराठी ही सर्वांच्या व्यवहाराची भाषा असली, तरी बंजारा तांड्यांवर गोरमाटी आणि मुसलमान वस्तीत दखनी उर्दू ऐकू येते. आंध या आदिवासी जमातीची वस्तीही जिल्ह्यात आहे.

या तालुक्यात दुधाळा गावाच्या परिसरात 'लायगो-इंडिया' ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारण्याचे काम हाती घेण्यात आले आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये तिला तत्त्वतः मान्यता मिळाली. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २,६०० कोटी रुपयांच्या खर्चास संमती दिली व ११ मे २०२३ रोजी कोनशिला बसली. अमेरिकेतील हॅनफर्ड व लिव्हिंग्स्टन येथील वेधशाळांप्रमाणेच हिच्याही दोन भुजा प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या असावयाच्या आहेत. शास्त्रज्ञ बाहेरून येतील हे उघड आहे. परंतु अशा संस्थेस सूक्ष्म मापाचे बांधकाम, वीजजोडणी, शीतयंत्रांची देखभाल, वाहतूक, निवास व भोजनव्यवस्था, कार्यालयीन नोंदी अशी शेकडो माणसांची कामे दीर्घकाळ लागतात. ही कामे आसपासच्या चाळीस गावांतील प्रौढांस मिळणार, की तीही बाहेरच्याच माणसांस मिळून येथल्यांच्या वाट्यास पहारा व झाडलोट येणार, हा या तालुक्यापुढील प्रश्न आहे. त्याचे उत्तर वेधशाळा पूर्ण होण्यापूर्वीच्या वर्षांत दिले जाणार आहे.

उदाहरणादाखल तीन खातेदार कल्पावेत. पहिला, पंधरा वर्षे काम केलेला चाळिशीचा गवंडी. दुसरी, घरच्या हळदीचे सर्व काम पाहणारी, सातवी शिकलेली स्त्री. तिसरे, दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस जाऊन उन्हाळ्यात परतणारे जोडपे. प्रत्येकाच्या नावे शासनाने, समजा, दहा हजार रुपयांचे प्रशिक्षणखाते उघडले. पुढे काय होईल?

गवंड्यास ओळंबा, गुण्या व दोरी यांनी काटेकोर काम करता येते. पण अभ्यासक्रमांची मानके मुळात इंग्रजीत तयार होतात. त्यांचे भाषांतर होते तेव्हा कारागिराचा शब्द बहुधा हरवतो आणि त्याच्या जागी इंग्रजी तरी येतो, नाही तर संस्कृत तरी. ज्यास 'ओळंबा' ठाऊक आहे त्यास 'लंबरेखक साधन' कोणते, असे विचारले तर तो गप्प राहतो आणि परीक्षक त्याच्या नावापुढे 'अज्ञान' लिहितो. हळदीचे काम करणाऱ्या स्त्रीस जेठे गड्डे, बगल गड्डे व हळकुंडे यांतील भेद हाताच्या स्पर्शाने कळतो. 'मातृकंद' हा शब्द तिने ऐकलेला नसतो. पूर्वज्ञानास मान्यता देणारी परीक्षा ही आधी भाषेची परीक्षा ठरते ती अशी. आणि ज्याचे पूर्वज्ञान शून्य धरले गेले तो आपले दहा हजार रुपये आधीच येत असलेली गोष्ट पुन्हा शिकण्यात घालवतो.

त्या स्त्रीची अडचण एवढ्यावर थांबत नाही. वर्ग हिंगोलीस वा नांदेडास असेल, तर शुल्काहून प्रवासाचा व बुडालेल्या मजुरीचा खर्च अधिक होतो. आणि खात्यातील पैसा नियमानुसार फक्त शुल्कासाठी वापरता येतो. जमिनीच्या खात्यावर तिचे नाव नसते म्हणून शेतकऱ्यांसाठीच्या प्रशिक्षणातही घरच्या पुरुषाचेच नाव जाते. ऊसतोडीचे जोडपे गावी असते तेव्हा वर्ग संपलेले असतात व वर्ग सुरू असतात तेव्हा ते कारखान्याच्या तळावर असते. तिघांचीही खाती कागदावर भरलेली राहतील. त्याच तालुक्यातील पदवीधर तरुण मात्र दूरध्वनीसंचावर अभ्यासक्रम निवडून आपले खाते महिन्याभरात वापरील. शब्दाचा तिसरा अर्थ डोके वर काढतो तो येथे.

६

या प्रश्नाचा विचार करताना औंढ्याशीच निगडित असलेली एक परंपरागत कथा आठवणे अप्रस्तुत होणार नाही. हिंगोली जिल्ह्यातील नर्सी हे नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. जातीने शिंपी, प्रपंचात पडलेले आणि भक्त म्हणून आधीच कीर्ती पावलेले नामदेव संतांच्या मेळ्यात बसले असता गोरोबा कुंभारांनी थापटण्याने प्रत्येकाचे मस्तक थोपटून मडके पक्के की कच्चे ते पाहिले. नामदेवांचे मडके कच्चे ठरले. ते दुखावले, पण अखेर विसोबा खेचरांस शोधीत औंढ्याच्या मंदिरात आले. तेथे विसोबा पिंडीवर पाय ठेवून निजलेले होते. जेथे पिंड नाही तेथे माझे पाय उचलून ठेव, असे त्यांनी सांगितले आणि पाय जेथे ठेवावेत तेथे पिंड उभी राहिली, अशी कथा आहे.

कथेचा आध्यात्मिक आशय बाजूस ठेवून केवळ शिक्षणाच्या दृष्टीने पाहिले, तर तीत प्रौढाच्या शिकण्याचे तीन टप्पे क्रमाने आले आहेत. प्रथम, शिकणाऱ्यास काय येते व काय येत नाही हे पाहणारा कोणी तरी असतो. तो आपल्या धंद्यातील साधनानेच परीक्षा घेतो. दुसरे, उणीव कळल्यावर कोणाकडे जावे हे सांगणारी मंडळी असतात. तिसरे, शिकवणारा पोहोचता येईल अशा ठिकाणी असतो आणि शिकणाऱ्याच्या हातांनीच कृती करवून त्यास शिकवतो. पारखी, मार्गदर्शक व शिक्षक अशी ही तीन माणसे होत. नामदेवांपाशी शिकण्याची तळमळ होती; तरी या तिघांवाचून ती कोठे पोहोचली असती, हे सांगता येत नाही.

वैयक्तिक प्रशिक्षणखाते या तिघांपैकी एकाचीही जागा घेऊ शकत नाही. ते तिघांचाही खर्च देऊ शकते, एवढेच त्याचे सामर्थ्य आहे. इंग्लंडच्या योजनेत तिघेही नव्हते. म्हणून ती चौदा महिन्यांत संपली. फ्रान्सने दुसऱ्याची सोय कायद्याने केली. पहिल्याच्या बाबतीत सर्वत्र अद्याप चाचपडणे चालू आहे.

७

यावरून औंढ्यासारख्या तालुक्यात असे खाते सुरू करावयाचे झाल्यास त्याची रचना कशी असावी, याविषयी काही निष्कर्ष काढता येतात.

पहिला असा की, खात्यातील रकमेचा एक भाग पारख व सल्ला यांसाठी राखून ठेवावा, आणि तो सल्ला देणाऱ्या व्यक्तीचा कोणत्याही प्रशिक्षणसंस्थेशी हितसंबंध नसावा. दलालाची जागा रिकामी राहिली तर ती दलालच भरतो, हा तिन्ही देशांचा अनुभव आहे. तालुक्याच्या महाविद्यालयातील वा ग्रंथालयातील एक मनुष्य या कामास नेमणे अशक्य नाही.

दुसरा असा की, पूर्वज्ञानाची परीक्षा त्या त्या परिसरातील कारागिरांच्या व शेतकऱ्यांच्या शब्दांत व्हावी. येथे विद्यापीठांच्या भाषाविभागांस प्रत्यक्ष काम आहे. गवंडी, सुतार, हळदकरी, शिंपी यांच्या व्यवसायातील शब्दांचे तालुकावार संकलन करून ते परीक्षकांच्या हाती देणे, ही कोशकार्याची जुनीच रीत एका नव्या उपयोगास लावणे आहे. १९९४ मध्ये नांदेड येथे स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात हिंगोली जिल्हा येतो. पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रबंधांसाठी असा विषय सहज हाती येण्याजोगा आहे.

तिसरा असा की, रक्कम शुल्कापुरती मर्यादित ठेवू नये. ज्याची मजुरी बुडते त्याच्या बुडालेल्या दिवसांचा, आणि ज्यास परगावी जावे लागते त्याच्या प्रवासाचा खर्च तीतून निघावा. फ्रान्सप्रमाणे कमी शिकलेल्यास अधिक रक्कम असावी. खाते घराच्या वा जमिनीच्या नावे नसून व्यक्तीच्या नावे असावे, म्हणजे घरातील स्त्रीचे खाते तिचेच राहील.

चौथा असा की, काही खातेदारांस आपली खाती एकत्र करण्याची मुभा असावी. एका तांड्यावरील वीस माणसांनी आपला हक्क एकत्र करून वैशाख-ज्येष्ठात आपल्याच तांड्यावर शिक्षक बोलावला, तर सातारच्या मोहिमेजवळ असलेला शेजार आणि नव्या योजनेजवळ असलेली निवड ही दोन्ही त्यांस साधता येतील. आजवरच्या परदेशी योजनांनी खाते हे एकट्याचे मानले. महाराष्ट्रातील सहकाराचा व बचतगटांचा अनुभव पाहता येथे तसे मानण्याचे कारण नाही.

अखेरीस मूळ शब्दाकडे परत येता येईल. 'खातेदार' या शब्दातील 'दार' हा फारसी प्रत्यय धारण करणारा या अर्थाचा आहे. ज्याच्या नावे नुसती नोंद आहे तो खातेदार नव्हे. ज्याच्या हाती ते खाते आहे तो खातेदार. कौशल्य विकास योजनेच्या नोंदींतील कोरे रकाने भरून काढणे हे संगणकाचे काम आहे व ते लवकर होऊ शकेल. दुधाळ्याच्या माळावर वेधशाळेच्या चार किलोमीटरच्या भुजा उभ्या राहतील, तेव्हा त्या बांधणाऱ्या, सांभाळणाऱ्या व त्यांचा हिशेब लिहिणाऱ्या माणसांत औंढ्याचे गवंडी, औंढ्याच्या स्त्रिया आणि ऊसतोडीवरून परतलेली जोडपी किती आहेत, यावरून त्या भरलेल्या रकान्यांचा खरा अर्थ ठरेल.